फत्तेपूर ते कुंकळ्ळी : पहिल्या जेझुइट मंडळाच्या तीन वर्षांचा विचार (इ. स. १५८०–१५८३)

अकबराच्या दरबारीं गोव्याहून जेझुइट पाद्र्यांचीं एकंदर तीन मंडळें गेलीं : पहिलें १५८० मध्यें, दुसरें १५९१ मध्यें व तिसरें १५९५ मध्यें. यांपैकीं पहिल्या मंडळाची हकीकत मोंगल इतिहासाच्या ग्रंथांतून 'अकबराचें धर्मविषयक धोरण' या प्रकरणांत येते; आणि त्याच मंडळाचा प्रमुख पाद्री रुदोल्फ अक्वाविवा याच्या मृत्यूची हकीकत गोव्याच्या इतिहासांत कुंकळ्ळीच्या बंडाच्या प्रकरणांत येते. एक प्रकरण वाचणारा दुसरें सहसा उघडीत नाहीं. वस्तुतः रुदोल्फचा बादशहाशीं झालेला निरोप व त्याचा मृत्यु यांमध्यें अर्ध्या वर्षाचेंहि अंतर नाहीं. माणूस एकच, वेष एकच, उद्देशहि एकच. फत्तेपुरास बादशहानें त्याला आपल्या वाड्यांत उतरवून घेतलें. कुंकळ्ळीस गांवकऱ्यांनीं त्याला ठार केलें. हा भेद कशामुळें पडला याचा विचार करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. धर्मप्रचारार्थ थोड्या मुदतीसाठीं परमुलखांत जाणाऱ्या माणसाच्या हातून काय घडूं शकतें, हा व्यापक प्रश्नहि त्यांत ओघानेंच येतो.

१. निमंत्रण

फत्तेपूर शिक्री येथें अकबरानें १५७५ मध्यें इबादतखाना बांधला. आरंभीं तेथें मुसलमान शेख, सय्यद, उलेमा व अमीर यांनाच प्रवेश असे. एकाच विषयावर दोन मोठे मौलवी परस्परांस पाखंडी म्हणतात हें बादशहानें तेथें पाहिलें, आणि त्याची जिज्ञासा त्यामुळें मंदावण्याऐवजीं वाढली. पुढें ब्राह्मण पंडित, जैन यति, पारशी दस्तुर यांनाहि बोलावणीं जाऊं लागलीं. ख्रिस्ती धर्माची ओळख त्याला प्रथम गुजराथच्या स्वारींत भेटलेल्या पोर्तुगीजांकडून व नंतर बंगालमध्यें व्यापार करणाऱ्या पोर्तुगीजांकडून झाली. सातगांवचा पाद्री ज्युलियन परेरा हा १५७८ च्या सुमारास दरबारीं आला होता. आपली विद्या या कामीं अपुरी आहे, गोव्यास याहून विद्वान पाद्री आहेत, असें त्यानेंच सुचविल्याचें जेझुइट वृत्तांत सांगतात. त्यावरून अब्दुल्ला नांवाचा वकील व दोमिंगो पिरिश हा आर्मेनी ख्रिस्ती दुभाषा यांस पत्र देऊन रवाना करण्यांत आलें. ते सप्टेंबर १५७९ मध्यें गोव्यास पोंचले. धर्मशास्त्र जाणणारे दोन पाद्री व त्यांचे मुख्य ग्रंथ पाठवावे, त्यांचा यथायोग्य सन्मान होईल, आणि त्यांची इच्छा होईल तेव्हां त्यांस परत जातां येईल, असा पत्राचा आशय होता.

यांतील शेवटचें कलम विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ज्याचें राहणें नित्य नाहीं तो अतिथि, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ति आपले स्मृतिकार सांगतात. अतिथीचें येणें यजमानाच्या इच्छेवर व जाणें स्वतःच्या इच्छेवर अवलंबून असतें. अकबरानें पाद्र्यांस जें स्थान देऊं केलें तें नेमकें असें होतें.

दोन्ही बाजूंस धर्माखेरीज दुसरींहि कारणें होतीं. १५७२–७३ मध्यें गुजराथ जिंकल्यापासून मोंगल व पोर्तुगीज हे दमणच्या सरहद्दीवर शेजारी झाले होते. मक्केस जाणाऱ्या जहाजांस पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ', घ्यावा लागे. आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम ही याच सुमारास हजयात्रेस गेलेली होती. उलटपक्षीं, पाद्री ओलीस धरले जातील अशी धास्ती गोव्याच्या राज्यकर्त्यांस वाटत होती. त्या वेळीं गोव्यास असलेल्या बिशपांनीं मात्र पाद्री पाठवावे असा कौल दिला. एवढा मोठा बादशहा ख्रिस्ती झाला तर त्याच्यामागें सारें हिंदुस्थान होईल, ही आशा त्यामागें होती. येशुसंघाचीं माणसें एरवीं परमुलखांत जात तीं बहुधा जन्माचीं जात. हें मंडळ मात्र एका माणसाच्या मनासाठीं निघालें होतें. तें मन वळलें किंवा वळणार नाहीं असें ठरलें, कीं त्याचें काम आटोपणार होतें.

२. माणसें व मार्ग

मंडळांत तिघे जण होते. प्रमुख रुदोल्फ अक्वाविवा हा इटलींतील आत्रीच्या ड्यूकचा मुलगा. त्याचा चुलता क्लॉदिओ पुढें १५८१ मध्यें सबंध येशुसंघाचा मुख्य झाला. रुदोल्फ १५७८ च्या सप्टेंबरांत गोव्यास उतरला. त्याच प्रवासांत त्याच्याबरोबर मातेओ रिची हा होता; हाच पुढें चीन देशांत गेला, चिनी भाषेंत पारंगत झाला व १६१० मध्यें पेकिंग येथें वारला. दुसरा आंतोनिओ मॉन्सेराट हा कातालोनियाचा, वयानें चाळिशीपलीकडचा. तिसरा फ्रान्सिश्कु हेन्रिक हा होर्मुझचा, मूळचा मुसलमान व फारशी जाणणारा, म्हणून दुभाषा. प्रमुखाचें वय त्या वेळीं तीस वर्षांचेंहि नव्हतें.

१७ नोव्हेंबर १५७९ रोजीं ते गोव्याहून निघाले. दमण, सुरत, मांडू, उज्जयिनी, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर असा त्यांचा मार्ग होता. मॉन्सेराट वाटेंत आजारी पडून मागें राहिला. रुदोल्फ फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस फत्तेपुरास पोंचला व मॉन्सेराट त्यानंतर थोड्या दिवसांनीं.

बादशहास त्यांनीं जो नजराणा केला तो सोन्यारुप्याचा नव्हता. स्पेनच्या राजाच्या आश्रयानें अँटवर्प येथें प्लांतँ याच्या छापखान्यांत १५६९ ते १५७२ या अवधींत छापलेलें बहुभाषी बायबल त्यांनीं आणलें होतें. हिब्रू, ग्रीक, लॅटिन इत्यादि भाषांचे पाठ एकमेकांशेजारीं मांडलेला हा ग्रंथ पाठचिकित्सेच्या दृष्टीनें युरोपांतील त्या काळचें मोठें काम होय. अकबरानें प्रत्येक खंड मस्तकास लावला, त्याचें चुंबन घेतलें, आणि शुभवर्तमान यांपैकीं कोणत्या खंडांत आहे असें विचारून त्या खंडाचा विशेष आदर केला. स्वतः वाचूं न शकणाऱ्या राजानें ग्रंथाचा केलेला हा सत्कार पाहून पाद्र्यांस आपलें काम निम्मेंअधिक झालें असें वाटलें असल्यास त्यांस दोष देतां येत नाहीं.

३. इबादतखान्यांतील कथा

न्यायशास्त्रांत कथेचे, म्हणजे शास्त्रार्थाचे, तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प व वितंडा. दोघेहि तत्त्व जाणण्याच्या इच्छेनें बोलतात तो वाद. जिंकण्याच्या इच्छेनें बोलतात तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ परपक्षाचें खंडन करणें ती वितंडा. इबादतखान्यांत काय घडलें हें समजण्यास ही विभागणी फार उपयोगी आहे. पाद्री जल्पासाठीं सज्ज होऊन आले होते. त्यांस जय पाहिजे होता. प्रत्येक सभेंत आपण प्रतिपक्षास निरुत्तर केलें, असें त्यांचीं पत्रें सांगतात. आणि इस्लामच्या पैगंबराविषयीं त्यांनीं योजलेली भाषा अत्यंत कठोर होती, हेंहि त्यांवरूनच दिसतें. उलेमांपैकीं कित्येकांचें बोलणें वितंडेच्या जवळ जाणारें होतें. बादशहास मात्र वाद हवा होता, निदान त्याला स्वतःला तसें वाटत होतें.

बादशहानें त्यांस वाड्यांत जागा दिली, प्रार्थनामंदिर मांडूं दिलें, तो स्वतः तेथें गेला व पगडी काढून उभा राहिला. शाहजादा मुराद याला मॉन्सेराटच्या हाताखालीं शिकावयास बसविलें. मुलानें पाठाच्या आरंभीं येशूचें नांव घेतलें, हें बदाऊनीनें मोठ्या उद्वेगानें नमूद केलें आहे. एक पोर्तुगीज वारला तेव्हां क्रूस पुढें करून भररस्त्यांतून त्याची प्रेतयात्रा काढण्यास परवानगी मिळाली.

पण सिद्धान्ताची गोष्ट येतांच अकबर थबकत असे. एका देवाच्या ठायीं तीन व्यक्ति कशा, देवास पुत्र कसा, तो पुत्र क्रूसावर मरतो कसा, या शंका त्यानें वारंवार काढल्या. एकपत्नीव्रताची अट ही व्यवहारांतली अडचण होती. राजकारणहि प्रतिकूल झालें. १५८० मध्यें बंगाल-बिहारांत अमीरांनीं बंड केलें, जौनपूरच्या काजीनें बंडखोरांच्या बाजूनें फतवा दिला, आणि बादशहाचा सावत्र भाऊ काबूलचा मिर्झा हकीम पंजाबवर चालून आला. बादशहा धर्मभ्रष्ट झाला आहे, हेंच बंडवाल्यांचें गाऱ्हाणें होतें. अशा प्रसंगीं पाद्र्यांस आश्रय देत राहणें यांत अकबराचा धीटपणा दिसतो. त्यांच्या धर्माचा स्वीकार करणें मात्र राज्य पणास लावण्यासारखें झालें असतें.

४. अग्निदिव्य : परस्परविरुद्ध साक्षी

या सभांतील एक प्रसंग साक्षीपुराव्याच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. कुराण घेऊन एका मौलवीनें व बायबल घेऊन एका पाद्र्यानें पेटत्या अग्नींत प्रवेश करावा, जो वांचेल त्याचा धर्म खरा, अशी सूचना निघाली. ती कोणी केली, याविषयीं मूळ साधनें एकमेकांविरुद्ध जातात. अबुल फजल 'अकबरनाम्यां'त म्हणतो कीं, ती सूचना पाद्री 'रादीफ' यानें केली व उलेमाच मागें हटले. बदाऊनी म्हणतो कीं, जलेसरचा शेख कुत्ब नांवाचा एक अवलिया पुढें झाला, आणि फिरंग्यांची छाती झाली नाहीं. रुदोल्फ व मॉन्सेराट यांच्या लेखांप्रमाणें सूचना प्रतिपक्षाची होती, आणि चमत्काराची मागणी करून देवाची परीक्षा पाहणें आमच्या धर्मांत पाप आहे, म्हणून रुदोल्फनें ती नाकारली. मॉन्सेराट आणखी असेंहि सांगतो कीं, बादशहाच्या मनांतून एका मौलवीचा कांटा काढावयाचा होता आणि त्यासाठीं पाद्र्यानें तोंडदेखला होकार द्यावा, असें त्यानें खाजगींत सुचविलें.

अबुल फजलास उलेमांचा पराभव दाखवावयाचा होता, बदाऊनीस फिरंग्यांचा. म्हणून येथें पाद्र्यांची साक्ष अधिक विश्वसनीय वाटते. कारण आपल्या माणसानें आव्हान स्वीकारलें नाहीं, ही आपल्या पक्षास कमीपणा आणणारी गोष्ट त्यांनीं स्वतः होऊन लिहिली आहे. आपल्याकडे तुला, अग्नि, जल, विष व कोश हीं पांच दिव्यें स्मृतींत सांगितलेलीं असून मराठी महजरांतून रव्याच्या दिव्याचे उल्लेख कितीतरी आढळतात. त्यामुळें अशा सूचनेचें दरबारांत कोणास नवल वाटलें नसावें. नवल वाटलें असेल तें नकाराचें. अतिथीला नकार देतां आला, आणि त्या नकाराबद्दल त्याच्या केसालाहि धक्का लागला नाहीं.

५. मॉन्सेराटचें काम

फेब्रुवारी १५८१ मध्यें अकबर मिर्झा हकीमावर चालून गेला, तेव्हां मुरादचा शिक्षक म्हणून मॉन्सेराट लष्कराबरोबर होता. दिल्ली, पानिपत, सरहिंद, रोहतास, सिंधुनद, पेशावर असें करीत तो जलालाबादेपर्यंत गेला. वाटेंत तो नित्य टिपणें करी, ठिकाणांचे अक्षांश काढी, नद्या कोठें उतरल्या तें नोंदी. त्यावरून त्यानें लॅटिन भाषेंत 'मोंगल वकिलातीची टीपा' या अर्थाच्या नांवाचा ग्रंथ रचला व वायव्य हिंदुस्थानचा एक नकाशाहि काढला. प्रत्यक्ष जागा पाहून काढलेल्या त्या प्रदेशाच्या नकाशांत तो फार जुन्यांपैकीं आहे.

अकबराचें जें वर्णन आज सर्व चरित्रांतून आढळतें त्यांतील पुष्कळसा भाग या ग्रंथांतला आहे : रुंद खांदे, घोड्यावर बसून किंचित् वांकलेले पाय, उजव्या खांद्याकडे कललेली मान, इजा झालेली नसतांहि डाव्या पायानें थोडें लंगडत चालणें. खाणींतून दगड काढण्याचें काम मजुरांबरोबर स्वतः करणारा बादशहा मॉन्सेराटनेंच दाखविला आहे. त्याचे धर्मविषयक अभिप्राय एकांगी आहेत; मंदिरें व मशिदी यांविषयीं तो समभावानें लिहीत नाहीं. परंतु लष्कराच्या छावणीची मांडणी, नद्यांवरचे नावांचे पूल, न्यायदानाची रीत, यांविषयीं त्याची दृष्टि अचूक आहे.

या ग्रंथाचा पुढील प्रवास त्याच्या कर्त्याच्या प्रवासाइतकाच खडतर आहे. अबिसीनियांतील मंडळासाठीं मॉन्सेराटची नेमणूक झाली. पेद्रो पाएझ याच्याबरोबर जात असतां १५८९ मध्यें अरबस्तानच्या किनाऱ्यावर तो पकडला गेला. येमेनमधील सना येथें बंदिवासांत त्यानें ग्रंथाला अखेरचा हात फिरविला. १५९६ मध्यें खंडणी भरून त्याची सुटका झाली व १६०० मध्यें तो साष्टींत वारला. ग्रंथ मात्र छापला गेला नाहीं. १९०६ मध्यें कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या ग्रंथालयांत त्याचें हस्तलिखित रेव्हरंड फर्मिंजर यांस सांपडलें, १९१४ मध्यें फादर होस्टेन यांनीं तें एशियाटिक सोसायटीच्या द्वारें प्रसिद्ध केलें, आणि १९२२ मध्यें हॉयलंड व बानर्जी यांचें इंग्रजी भाषांतर निघालें. ज्या हेतूनें मंडळ गेलें तो निष्फळ झाला; जें काम आनुषंगिक म्हणून केलें तें सव्वातीनशें वर्षांनीं उपयोगी पडलें.

६. मंडळाचा शेवट

हेन्रिक आधींच परतला होता. १५८२ मध्यें युरोपांत पाठवावयाच्या बादशाही वकिलांबरोबर मॉन्सेराट निघाला. ती वकिलात गोव्यापलीकडे गेलीच नाहीं. त्याच सुमारास मोंगल सरदार दमणवर चालून गेले होते, त्यामुळें पाद्र्यांची स्थिति अवघड झाली होती. रुदोल्फ एकटा मागें राहिला. तो फारशी शिकला होता, उपासतापास करीत होता, आणि बादशहा त्याच्या धर्माविषयींच्या प्रश्नांस पूर्वींसारखा वेळ देत नव्हता. गोव्याहून परत येण्याविषयीं पत्रें आलीं. अकबर त्याला जाऊं देण्यास नाखूष होता, तथापि १५७९ च्या पत्रांतलें कलम त्यानें पाळलें. जेझुइट वृत्तांतांप्रमाणें रुदोल्फनें निरोपाचें द्रव्य प्रवासखर्चापुरतेंच घेतलें. मागितलें तें एवढेंच कीं, बादशहाच्या घरांत असलेल्या एका परदेशी ख्रिस्ती गुलाम कुटुंबाची मुक्तता व्हावी. ती मिळाली. १५८३ च्या आरंभीं निघून मे महिन्यांत तो गोव्यास पोंचला.

रुदोल्फ निघाला व हीरविजयसूरि आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. हा श्वेतांबर जैन आचार्य बादशहाच्या निमंत्रणावरून गुजराथेंतील गंधार बंदराहून पायीं निघून जून १५८३ मध्यें फत्तेपुरास पोंचला. त्याच्या या भेटीवर 'हीरसौभाग्य' हें महाकाव्य व 'जगद्गुरुकाव्य' हीं संस्कृतांत रचलीं गेलीं. त्याचा अनुयायी शांतिचंद्र यानें 'कृपारसकोश' लिहिला. जैन परंपरेप्रमाणें पद्मसुंदर नांवाच्या यतीचा दरबारीं असलेला ग्रंथसंग्रह अकबरानें सूरीस देऊं केला. सूरीनें मागितलें काय, तर बंदिवानांस सोडावें, पिंजऱ्यांतील पक्षी मोकळे करावे, पर्युषणाच्या दिवसांत प्राणिवध बंद ठेवावा. हें सर्व मिळालें. पाद्र्यांनीं बादशहाचें सर्वस्व मागितलें व कांहींच मिळविलें नाहीं. सूरीनें थोडे दिवस मागितले व ते मिळविले. यावरून एक धर्म श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ ठरत नाहीं. थोड्या मुक्कामाच्या अतिथीनें यजमानापाशीं काय मागावें, याचें तारतम्य मात्र त्यावरून कळतें.

७. साष्टी

रुदोल्फ गोव्यास परतला तों त्याची नेमणूक साष्टी महालावरील पाद्र्यांचा मुख्य म्हणून झाली. येथून पुढची हकीकत समजण्यास त्या महालाची आधींची पंधरा वर्षें लक्षांत घेतली पाहिजेत. साष्टी १५४३ पासून पोर्तुगीजांच्या कायम ताब्यांत होती. १५६० मध्यें गोव्यास इन्क्विझिशन स्थापन झालें. १५६७ मध्यें राशोलचा किल्लेदार दियोगु रॉद्रिगिश यानें साष्टींतील देवळें मोडलीं. त्यांची संख्या पोर्तुगीज साधनांत अडीचशेंच्या वर दिली आहे. पुष्कळ देवतांच्या मूर्ति भाविकांनीं रातोरात सरहद्दीपलीकडे नेल्या. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली ती अशीच. कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणा, वेळ्ळी व आंबेली या पांच गांवांनीं मात्र दाद दिली नाहीं. त्यांनीं मोडलेलीं देवळें पुन्हां उभारलीं व सरकारी कर देण्याचें नाकारलें. त्याबद्दल त्यांच्यावर स्वाऱ्या झाल्या व गांवें जाळलीं गेलीं. या स्वाऱ्यांत देवळें मोडतांना पाद्री पिएत्रो बेर्नो हा सैनिकांबरोबर होता, व त्यानें देवळांत केलेली विटंबना जेझुइट ग्रंथकारांनींच भूषण म्हणून लिहून ठेवली आहे. रुदोल्फ त्या वेळीं साष्टींत नव्हता.

जुलै १५८३ मध्यें रुदोल्फ, आफोंसु पाशेकु, बेर्नो, आंतोनिओ फ्रान्सिश्कु व बंधु आरान्या हे कांहीं ख्रिस्ती लोकांसह कुंकळ्ळीस गेले. चर्चसाठीं जागा पाहणें व क्रूस उभारणें हा हेतु होता. ही तारीख कांहीं ग्रंथांत १५ व कांहींत २५ अशी आढळते. हा विरोध नसून जुन्या व ग्रेगोरियन कालगणनेंतील दहा दिवसांचा फरक आहे. गांवकरी जमून चालून आले. पाद्र्यांबरोबरच्या एका पोर्तुगीजानें बंदूक चालविण्याचें मनांत आणलें, त्याला पाशेकुनें मना केलें. पांचहि जण व त्यांच्या सोबतचे कित्येक मारले गेले. पोपनें १८९३ मध्यें त्या पांचांस 'धन्य' म्हणून घोषित केलें.

दुसऱ्या बाजूची हानि कमी नव्हती. या घटनेनंतर कुंकळ्ळीच्या सोळा प्रमुख गांवकऱ्यांस बोलणें करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावण्यांत आलें व तेथें त्यांस मारण्यांत आलें. साळ नदींत उडी टाकून एकटा निसटला. गांवांच्या जमिनी जप्त झाल्या. त्यांतील असोळणा, वेळ्ळी व आंबेली हीं गांवें पुढें येशुसंघाकडेच गेलीं.

आतां दोन्ही प्रसंग शेजारीं ठेवून पाहूं. फत्तेपुरास रुदोल्फनें राज्यकर्त्याच्या धर्मसंस्थापकाविषयीं कठोर भाषा वापरली, आणि तो सुखरूप परतला. कुंकळ्ळीस त्यानें तसें कांहीं बोलल्याचें कोणी म्हणत नाहीं. परंतु फत्तेपुरास त्याच्यामागें फौज नव्हती. यजमान 'नाहीं' म्हणूं शकत होता, व तसें तो तीन वर्षें म्हणत राहिला. कुंकळ्ळीच्या लोकांस 'नाहीं' म्हणण्याचा कोणताहि सरळ मार्ग उरला नव्हता. त्यांनीं आधीं जें 'नाहीं' म्हटलें होतें त्याचें उत्तर जाळपोळीनें मिळालें होतें. झग्यांतील पाद्री निःशस्त्र आला तरी त्याच्या मागें राशोलचा किल्ला आहे, हें त्यांस अनुभवानें ठाऊक होतें. रुदोल्फ मनानें पूर्वींचाच अतिथि होता असें आपण मानूं. गांवकऱ्यांच्या दृष्टीस मात्र तो अधिकारी दिसला, आणि त्यांची दृष्टि चुकीची होती असें म्हणवत नाहीं. त्यांनीं केलेली हत्या त्यामुळें समर्थनीय ठरत नाहीं. ती कशी घडली एवढेंच त्यावरून कळतें.

८. मुदतीचा प्रश्न

पहिलें मंडळ अपयशी झालें तें केवळ मुदत तोकडी म्हणून, असें कांहीं जेझुइट लेखक सुचवितात. पुढील इतिहास त्यास पुष्टि देत नाहीं. तिसऱ्या मंडळाचा प्रमुख जेरोनिमो शाव्हिएर हा वीस वर्षांच्या आसपास मोंगल दरबारीं राहिला, फारशींत ग्रंथ लिहूं लागला, १६०२ मध्यें 'मिरात-उल्-कुद्स' हें येशुचरित्र त्यानें अकबरास अर्पण केलें; तरी ना अकबर ख्रिस्ती झाला ना जहांगीर. १५८० मध्यें ज्या बायबलास अकबरानें मस्तकीं धरलें होतें तेंहि त्यानें १५९५ मध्यें या मंडळास परत दिलें. मुदत वाढल्यानें साध्य पदरांत पडलें नाहीं. भाषा मात्र पदरांत पडली.

याचें उत्तम उदाहरण मराठीच्या अभ्यासकांस परिचित आहे. पहिलें मंडळ गोव्याहून निघण्यापूर्वीं तीनच आठवडे, २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं, फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला. कुंकळ्ळीच्या घटनेचें वर्णन त्यानें त्याच वर्षीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत केलें आहे. तो साष्टींतच राहिला, येथील भाषा शिकला, आणि १६१६ मध्यें त्याचें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' राशोल येथें छापून निघालें. चाळीस वर्षें राहिल्याचें हें फळ. तथापि तेंहि पोर्तुगीज सत्तेच्या सावलींतलें आहे. ज्यांचीं पुराणें व देवळें गेलीं होतीं त्यांच्यासाठीं तें नवें पुराण रचलें गेलें, ही गोष्ट त्याच्या मराठीचें कौतुक करतांना आपण बहुधा विसरतों.

तात्पर्य, थोड्या मुदतीच्या धर्मयात्रेचें मोल तिच्या लांबीवर तितकेंसें अवलंबून नाहीं. येणाऱ्याला जातां येतें काय, आणि ज्याच्याकडे तो आला त्याला नाकारतां येतें काय, या दोन प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी असतील तेथें ती यात्रा उभयपक्षीं लाभाची होते, निदान कोणाच्या नाशास कारण होत नाहीं. फत्तेपुरास दोन्ही उत्तरें होकारार्थी होतीं; म्हणून तेथून एक ग्रंथ, एक नकाशा, एका गुलाम कुटुंबाची सुटका व मोंगल चित्रशाळेंत उतरलेले कांहीं युरोपीय नमुने एवढें मागें राहिलें. साष्टींत दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर नकारार्थी होतें.

९. उपसंहार

रुदोल्फ अक्वाविवाचीं पत्रें उपलब्ध आहेत, त्याचीं चरित्रें अनेक भाषांत आहेत, आणि त्याच्या अस्थि जुन्या गोव्याच्या से कॅथीड्रलमध्यें जपल्या आहेत. सोळा गांवकऱ्यांच्या बाजूनें लिहिलेला समकालीन कागद नाहीं. त्यांची हकीकत कळते ती त्यांच्या शत्रूंच्या लेखणींतून. त्यांचें स्मारक कुंकळ्ळीस उभें राहिलें तें २००३ मध्यें. परंतु लेखांशिवायहि एक साधन शिल्लक आहे. दरवर्षीं शिमग्यांत शांतादुर्गेची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीस, म्हणजे देवीच्या मूळ गांवीं, बारा छत्र्यांसह येते. त्या बारा छत्र्या गांवकऱ्यांच्या बारा वांगडांच्या आहेत. ज्या गांवांतून देवी रातोरात न्यावी लागली त्या गांवास ती दिवसाढवळ्या वाजतगाजत परत येते, याला कागदाइतकेंच पुराव्याचें मोल दिलें पाहिजे. मॉन्सेराटची लॅटिन टीपा, बदाऊनीची तक्रार, देवविमलाचें महाकाव्य व कुंकळ्ळीच्या छत्र्या हीं एकाच इतिहासाचीं साधनें आहेत. तीं निरनिराळ्या कपाटांत ठेवल्यामुळें एकीकडे उदार बादशहा व दुसरीकडे हुतात्मा पाद्री एवढींच चित्रें आपल्यासमोर राहिलीं, आणि ज्यांच्या गांवीं हा पाद्री मेला ते लोक चित्राबाहेर पडले. त्यांस पुन्हां चित्रांत आणणें, हें गोव्याच्या व मोंगलांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनीं मिळून करावयाचें काम आहे.